तिचा खोकला

बायकांना उपचार वेळेवर का मिळत नाहीत, यावर मी पीएचडी करतेय. त्यासाठी वटार गावाजवळच्या दवाखान्यात बाकावर बसते, आणि एक गृहस्थ माझं डोकं उठवतो. प्रश्न मी त्याच्या बायकोला विचारते, उत्तर हा देतो. "तिला काय कळतंय? मला विचारा." नवरा आहे की प्रवक्ता! तिची कंबर कुठे दुखते ते स्वतःच्या कंबरेवर दाखवतो, तिचा खोकलाही हाच खोकून दाखवतो. ती मांडीवरची पिशवी सावरत बसते.

काल तो एकटाच आला.

"वहिनी कुठे आहेत?" मी विचारलं.

"तिला उठवत पन नाय," तो म्हणाला. "म्हनून आनली नाय."

मग तो डॉक्टरांकडे आत गेला. बाहेर मला तिचा खोकला ऐकू आला, अगदी हुबेहूब.