खाडे वजा करून

आमची आई डिलाईल रोडच्या चाळीत गिरणीवाल्यांसाठी खानावळ चालवायची. दोन खोल्या, वीस-पंचवीस जेवणारे, सगळे कोकणातले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती प्रत्येकाचे खाडे मांडायची. जो ज्या दिवशी जेवला नाही, त्याचा तो दिवस महिन्याच्या पैशांतून वजा. संध्याकाळी तिच्या माशांच्या तिखल्याचा वास पार जिन्यापर्यंत यायचा. शाळेतून येताना मी तिथेच दोन मिनिटं थांबायचे.

गिरण्या गेल्या, खानावळही गेली. चार वर्षांपूर्वी आईच्या स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, बरं होणार नाही, वेळ वाढवता येईल. एकच औषध दिलं तर त्रास कमी. दोन एकत्र दिली तर कदाचित काही महिने जास्त, पण खर्च दुपटीच्या वर आणि त्रासही भरपूर. मी लगेच म्हटलं, दोन्ही द्या. पीएफ काढीन, बांगड्या मोडीन, ते माझं मी बघते.

आईने विचारलं, "त्या जास्तीच्या महिन्यांत मला जेवण जाईल?"

"दर तीन आठवड्यांनी डोस, आणि प्रत्येक डोसनंतर आठ-दहा दिवस कठीण जातील," बाई म्हणाल्या.

आईने बोटांवर मोजलं. "म्हणजे निम्मे खाडेच. ते वजा केले तर उरलं काय गो? एकच द्या."

माझं डोकंच फिरलं. माझे पैसे वाचवायला ही स्वतःचे महिने कमी करतेय, असंच मला वाटलं. घरी आल्यावर तसं तोंडावर बोललेही. ती शांतपणे म्हणाली, "खानावळवालीक हिशोब शिकवू नको." आणि मला कोलंबी आणायला बाजारात पिटाळलं.

मग तिने नवं कॅलेंडर टांगलं. जेवण गेलं नाही त्या दिवशी फुली. कितीतरी महिने फुल्या थोड्याच होत्या. ती खाटेवर बसून वाटण सांगायची, मी मीठ जास्त घातलं की शिव्या घालायची आणि पुन्हा भात मागून घ्यायची. ते दिवस परत मिळणार असतील तर मी आजही बांगड्या मोडीन.

शेवटी फुल्या वाढल्या. एका दुपारी मी भरवलेली पेज जेमतेम दोन चमचे गेली. मी पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी गेले, तर खाटेवरून आवाज आला.

"आजचो खाडो मांडू नको. तुझ्या हातान जेवलंय मी."

मी पेन्सिल ठेवून दिली. तो चौकोन अजून कोरा आहे. त्याच्या पुढचेही कोरेच आहेत, ते मला मोजवत नाहीत.