वरती विचारायचे प्रश्न

मेल्यावर देवासमोर उभं राहून उत्तरं द्यावी लागतील, या भीतीने माणसं आयुष्यभर जपून वागतात. उलट देवालाच समोर उभं करून उत्तरं घ्यायची, या तयारीने आयुष्य काढलेली एकच व्यक्ती मी पाहिली, आणि ती नन होती. पनवेलच्या आमच्या मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये नव्वदच्या आगेमागे त्या धर्मशिक्षण शिकवायच्या. पांढरा झगा, काळे रबरी बूट आणि बाराही महिने हातात काळी छत्री. उन्हापावसाशी त्या छत्रीचा काही संबंध नव्हता. फळ्यावरचं दाखवायला, खिडकी लोटायला आणि व्हरांड्यात पळणाऱ्या मुलीला मानेपाशी अडकवून थांबवायला ती असे. सिस्टरना उघडलेली छत्री घेऊन चालताना कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

सिस्टर वसईकडच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. शाळेत इंग्रजीतच बोलायचा नियम होता. पण धर्माच्या तासाला त्या दार लावून घेत आणि चक्क मराठीत सुरू होत. "देवाच्या गोष्टी इंग्रजीतून डोक्यात जातात, पोटात जात नाहीत," असं त्यांचं मत होतं. मुलींची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. आमच्या वर्गात चार सुनीता, तीन संगीता. मग काय, त्या आम्हाला गावाने हाक मारायच्या. "ए सुकापूर, वाऱ्याने पानं उडतायत, खिडकी लाव." "उरण नाका, शेजारणीच्या वहीत काय आहे?" मी गव्हाणची, मिठागरवाल्याची पोर. एस.टी.ने येणारी, तेलाने चप्प वेण्यांची, 'नाय' आणि 'हाय' म्हणून हसं करून घेणारी. पण सिस्टरनी "उठ गव्हाण!" अशी हाक मारली की वाटायचं, आपण एकट्या उभ्या राहिलो नाही; आपल्या मागे गाव, खाडी, मिठाच्या पांढऱ्या राशी, सगळं उभं राहिलंय.

आता त्या तासाची गंमत सांगते. नियम असा की ख्रिस्ती मुलींनी वेगळ्या खोलीत जाऊन कॅटेकिझम, म्हणजे त्यांच्या धर्माचा पाठ शिकायचा आणि बाकीच्यांनी वर्गात बसून मॉरल सायन्स. मॉरल सायन्स शिकवणाऱ्या दुसऱ्या सिस्टरची बदली झाली, दोन्ही विषय आमच्या सिस्टरच्या गळ्यात पडले. त्यांनी एका मिनिटात तोडगा काढला. पाच ख्रिस्ती मुली खिडकीकडच्या रांगेत, आम्ही चाळीस-बेचाळीस जणी दाराकडे. खिडकीकडे तोंड केलं की कॅटेकिझम, दाराकडे तोंड केलं की मॉरल सायन्स. "दारवाल्या मुलींनी आता ऐकायचं नाही. पान बावीस वाचा, स्वच्छतेचे महत्त्व," असं बजावून त्या खिडकीकडे वळत आणि आवाज खाली आणून सांगू लागत की बापाकडून वाटणी घेऊन पळालेला मुलगा पैसे उडवून अखेर डुकरांच्या वाड्यात त्यांचाच कोंडा खाऊ लागला. तीन हातांवर डुकरांचा वाडा असताना स्वच्छतेचे महत्त्व कोण वाचणार? आम्ही पुस्तकात डोकं घालून सगळं ऐकायचो. एकदा पाहुणे फादर तपासणीला आले. त्यांनी खिडकीकडे पाहून विचारलं, "तुम्हाला कोणी निर्माण केलं?" पाची जणी लाजून बूट बघू लागल्या. उत्तर आलं दाराकडून, बेचाळीस जणींचं, एका सुरात, टाळी पडल्यासारखं. फादरांची मान आधी इकडे, मग तिकडे. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "फादर, मध्ये भिंत नाही. मी काय करणार?"

टेबलावर त्यांचा बिस्किटांचा एक रिकामा डबा असे, झाकणाला चीर पाडलेला. देवाबद्दल ज्या मुलीला जो प्रश्न पडेल तो तिने चिठ्ठीवर लिहून आत टाकायचा. नाव लिहायचं नाही, फक्त गाव. शुक्रवारी डबा उघडायचा आणि एकही चिठ्ठी सोडायची नाही. प्रश्न कसे, तर 'मनातल्या मनात पाप केलं तर किती मार्क कापतात?' आमच्या रेहानाचा, तिनेच मला नंतर सांगितलेला, प्रश्न होता, 'ईद, गणपती आणि ख्रिसमस वाटून घेताना सगळ्या देवांनी मे महिनाच का सोडला, तेव्हा तशीही सुट्टी असते म्हणून का?' आणि 'डास का केले?' हा प्रश्न तर सुकापूर, गव्हाण, पनवेल सगळीकडून यायचा. सिस्टर कधी हसल्या नाहीत. येत असेल ते उत्तर द्यायच्या. येत नसेल तर तशाच उभ्या राहून, मोठ्या अभिमानाने म्हणायच्या, "हे मला येत नाही." शाळेत असं म्हणणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग कपाटातून एक जाडजूड हजेरीपट निघे, लाल कापडी पाठीचा, कुठल्याशा जुन्या वर्षाचा, पाठकोरा. त्यावर लिहिलेलं होतं, 'वरती विचारायचे'. त्यात क्रमांक, गाव आणि प्रश्न. "भेट झाली की सगळे एकदम विचारणार आहे," त्या म्हणायच्या. "चहापाण्याआधी."

हजेरीपटावरून कळलंच असेल की सिस्टरना काही वाया गेलेलं खपत नसे. खडूचे तुकडे त्या चिमटीत मावेनासे होईपर्यंत वापरत. या सवयीनेच माझा घात केला. मी नववीत असताना सगळ्या कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती मुलींची कॅटेकिझमची परीक्षा होती. आमच्या वर्गाला मोजून पाच छापील पेपर आले आणि त्याच सकाळी त्या पाचांतल्या ग्रेसीला गालगुंड झालं. सिस्टर उरलेल्या पेपराकडे अशा बघू लागल्या, जसं कुणी वाढलेल्या ताटावरून उठून गेलंय. "कोरा कागद परत पाठवायचा? ए गव्हाण, तुला काही काम आहे का? बस इकडे. लिही." मी बसले. दोन वर्षं पान बावीसच्या आडून ऐकलेलं सगळं लिहून काढलं आणि वर माझं धडधडीत आगरी नाव घातलं. सिस्टरनी तो पेपर, वाचून पाहायचा विचारही मनात न आणता, इतर चार पेपरांबरोबर पाकिटात घातला.

मी पहिली आले. सगळ्या शाळांमधून.

प्रार्थनेच्या वेळी नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या. मी सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्र छातीशी धरून एस.टी.त चढले. कंडक्टरने वाचलं, मग शेजारच्या कोळणीने त्याच्याकडून वाचून घेतलं. बस गव्हाणला पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी उतरली होती आणि वाटेत वाढलीही होती. पोर चर्चच्या परीक्षेत पहिली आली, इथून सुरू झालेली बातमी आमच्या दारात आली तेव्हा पोर बाटली होती. माझे वडील, आबा, मिठागरावरून आले, प्रशस्तिपत्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण वरचा क्रूस ओळखायला वाचता यावं लागत नाही. त्यांनी माझं दप्तर उचललं, शिडी लावली आणि माळ्यावर टाकलं. "उद्यापासना शाळा नाय." मी दोन दिवस रडले. आमच्या आळीत दहावीपर्यंत गेलेली एकही मुलगी नव्हती. मी पहिली ठरणार होते, आणि मला अडवायला माझा पहिला नंबरच आडवा आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आबांची भाकरी घेऊन मिठागरावर गेले होते. पाहते तो बांधावरून सिस्टर येत होत्या. मीठ इतकं चमकत होतं की त्यांचा पांढरा झगा दिसतच नव्हता, नुसती काळी मिटलेली छत्री चालत येत होती. मिठावर काम करणारे सगळे हातातलं टाकून जमले. आबा तीन दिवस या भांडणाची तयारी करत होते.

"तुमीच काय त्या शिस्टर?"

"हो, दादा. चूक माझी आहे, पोरीची नाही. तेवढं सांगायला आले."

पहिल्याच वाक्यात समोरच्याने चूक कबूल केल्यावर भांडणाने उभं राहायचं कुठे? आबा गडबडले. "मंग... बाटवली नाय ना आमच्या पोरीला?"

"दादा, पन्नास वर्षं झाली, मला स्वतःला अजून नीट ख्रिस्ती होता आलेलं नाही. दुसऱ्याला कधी करू?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी वळून पाहिलं, हसू थांबलं. "पन तुमाला देवाचा समदा ठाव हाय म्हन्तात. ता आमच्या पोरीच्या डोस्क्यात घालताव."

"कोण म्हणतं मला ठाऊक आहे?" सिस्टरनी खांद्याच्या पिशवीतून तो हजेरीपट काढला आणि माझ्यापुढे धरला. "गव्हाण, वाच. मला काय काय येत नाही ते तुझ्या आबांना सांग."

मी बांधावर उभी राहून वाचू लागले. मार्क किती कापतात. मे महिना का सोडला. डास का केले, या प्रश्नाला सगळं मिठागर खदखदून हसलं. एक म्हातारा म्हणाला, "ह्यो माजा बी लिवून घ्या!" वाचता वाचता शेवटचं पान आलं. दोनशे तेरा. मी थांबले. आबा हसत नव्हते. ते खाली मिठाकडे बघत होते.

"आमचा बी येक लिवा," ते म्हणाले.

सिस्टर बांधावर खाली बसल्या, झगा चिखलात गेला. पेन काढलं. "सांगा."

"माजी मोठी. हिच्या आदीची. सात वर्साची व्हती. याच बांधावर पान लागला तिला." आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. "मी काय केला व्हता? येवराच इचारा त्याला."

मला एक बहीण होती, एवढं मला माहीत होतं. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. ती कशी गेली, ते मला त्या क्षणी कळलं, आणि तेही एका हजेरीपटाला सांगितलं जात असताना. सिस्टरनी क्रमांक घातला, गाव घातलं. मग पेन थांबवून, त्यांनी आजवर कुणालाच न विचारलेलं विचारलं.

"नाव काय तिचं?"

आबांनी डोईचं फडकं काढून हातात घेतलं. "हिरा."

सिस्टरनी लिहिलं. देवाची इच्छा असेल, ती सुखात असेल, असं काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "हे मला येत नाही, दादा."

आबांनी मान हलवली. "इतकी वर्सां समद्यांनी उत्तरांच दिली आमाला. कुनी लिवून नाय घेतला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, दप्तर कार माल्यावरना." आणि सिस्टर उठून झगा झटकू लागल्या तेव्हा पुन्हा मिठागरवाल्याच्या आवाजात, "पन तिकरच्या रांगेत नाय बसाची!"

"दाराकडेच बसेल," सिस्टर म्हणाल्या. "पण कान तिचे आहेत. त्यांची हमी देत नाही."

मी दहावी झाले, पुढे बरंच काही झाले. आबा गेले त्या साली मला कळलं की सिस्टर वसईकडे म्हाताऱ्या नन्सच्या आश्रमात आहेत, आणि मी सांगायला गेले. दारातच एक तरुण सिस्टर म्हणाली, "त्या आता कुणाला ओळखत नाहीत. दिवसभर माळ ओढतात, पण जप कसला करतात ते कळत नाही." खुर्चीत त्या चिमणीएवढ्या झालेल्या, छत्री पायाशी आडवी. मी जवळ जाऊन कान दिला. एकेक मणी पुढे सरत होता. "अठ्ठ्याण्णव. सुकापूर. डास का केले. नव्व्याण्णव. उरण नाका..."

वरती जाताना हजेरीपट नेता येत नाही, म्हणून सिस्टरनी तो पाठ केला होता.

मी बसून राहिले. चहा आला, थंड झाला. त्या मध्ये डुलकी घेत आणि जागं झाल्यावर नेमक्या पुढच्या क्रमांकावर येत. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं. शेवटी मणी सरकला. "दोनशे चौदा. गव्हाण. हिरा, सात वर्षांची. बापाने काय केलं होतं."

"सिस्टर," मी म्हटलं, "आबा गेले."

मणी थांबला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "त्यांना म्हणावं, थांबा जरा," त्या म्हणाल्या. "हा आम्ही दोघं मिळून विचारू." मग पायाशी चाचपून त्यांनी छत्री उचलली आणि तिच्या टोकाने दाखवलं. "गव्हाण, तू दाराकडे बस."

मी उठून दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. दोनशे पंधरा सुरू झाला होता.