अम्माच्या हाताखालचे केस

मुरुडला बार्शी रस्त्यावर माझी पिठाची गिरणी आहे आणि तिला लागूनच खाजा नदाफचं गाद्यांचं दुकान. मधली भिंत एका विटेची. तिकडं त्याचं कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की इकडं माझ्या डब्यांची झाकणं वाजतात. बावीस वर्षं आम्ही एकमेकांशी ओरडून बोलतोय, ते मशीनमुळं. लोकांना वाटतं आमचं पटत नाही. लोकांना काय, काहीही वाटतं.

खाजा पन्नाशीला आलेला माणूस. बाप धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरायचा. यानं मशीन आणलं, पण कापूस अजून हातानंच तपासतो. जुनी गादी उसवली की मूठभर कापूस बोटांत चोळतो आणि सांगतो, "ही पावसात भिजली व्हती. तुमी उन्हात न टाकता तशीच घडी घातली, म्हनून गाठी धरल्यात." मी चिमटीत पीठ धरून जाडभरडं की बारीक एवढं सांगू शकतो, पण खाजाची बोटं माझ्यापेक्षा शहाणी आहेत, हे कबूल केलेलं बरं.

ही विद्या त्याला आईकडून आली. खातूनबींना सगळी गल्ली अम्मा म्हणते. उमेदीत त्या गाद्यांना टाके घालायच्या आणि कापूस कुठं जास्त, कुठं कमी पडलाय ते वरून हात फिरवून ओळखायच्या. पुढं साखरेच्या आजारानं डोळे खाल्ले. कान त्याआधीच गेले होते. अगदी कानाला तोंड लावून ओरडलं तर काहीतरी घुमल्यासारखं ऐकू येतं, म्हणे. मग अम्मांनी सगळं घरच हातावर घेतलं. सून सबिहा, खाजाची बायको, जवळ गेली की मनगट पुढं करायची. काचेच्या बांगड्यांत तिचं एक चांदीचं कडं असतं. नात लायबा वेणी हातात द्यायची. मी गेलो की उजवा अंगठा द्यायचो, कारण त्याचं टोक गिरणीच्या पट्ट्यात गेलेलं आहे. अंगठा चाचपून अम्मा म्हणायच्या, "किशनराव, बैठो." आणि खाजा डोकं पुढं करायचा.

हे कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो अम्मांच्या बाजेपाशी खाली बसून मान वाकवायचा. त्या कपाळापासून मागपर्यंत हात फिरवायच्या आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडून त्याची बला घ्यायच्या, म्हणजे दृष्ट काढायच्या. बोटं कडाकडा वाजली की खाजाचा दिवस सुरू.

घोळ झाला तो केस गळायला लागल्यावर. खाजाचे केस अम्मांच्या वडलांवर गेलेले, रेशमासारखे मऊ. पंचेचाळिशीत पुढून टक्कल पडायला लागलं. कुणाला पडत नाही? पण अम्मांचा हात रोज तिथं थबकायचा. "बाल कहाँ गए रे?" म्हणून त्या विचारायच्या आणि ह्याला काहीतरी मोठं दुखणं लागलंय, घरचे लपवून ठेवतात, असं त्यांच्या मनानं घेतलं. खाजा कानाशी ओरडायचा, "अम्मा, कुछ नहीं हुआ!" त्यांना ते घुमल्यासारखं ऐकू यायचं. ऐकू येत नाही आणि दिसतही नाही अशा माणसाची समजूत घालायची कशी, ते मला अजून कळलेलं नाही. त्या डोकं कुरवाळत रडायच्या. हा कपाळाला हात लावून दुकानात यायचा.

आता खरं सांगायचं तर दोष माझा आहे. माझ्या भावाच्या पोरानं, भागवतनं, लग्नाआधी लातूरला केस लावून घेतले होते आणि त्याचं चांगलं झालं होतं. मीच खाजाला म्हणालो, "तू बी लावून घे की. म्हातारीचं रडनं तरी थांबल." जिभेला हाड नसतं. खाजा आठवडाभर लाजला. आरशात बघायचा मोह त्यालाही होताच, तेही खोटं कशाला बोलू? मग म्हणाला, "चला किशनभाऊ, अम्मासाठी करू."

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं सगळं नीट सांगितलं. मागचे केस काढून पुढं लावणार, महिन्याभरात ते गळतील, घाबरू नका, तीन-चार महिन्यांनी नवे येतील. आम्ही दोघांनी त्याला शंका विचारून बेजार केलं. दुकानातली कापसाची धूळ चालेल का? अंडी खाऊ का? नमाजला कपाळ टेकवू का? तो म्हणाला, काही दिवस खुर्चीवर बसून पढा. एवढं सगळं विचारलं, पण ते केस हाताला कसे लागतील, हे काही आम्ही विचारलं नाही. ज्या घरात केस हेच माणसाचं नाव आहे, त्या घरच्या माणसानं तरी विचारायला हवं होतं. मी शेजारी बसलो होतो, मीही विचारलं नाही.

पहिले पंधरा दिवस डोक्याला हात लावू द्यायचा नव्हता. सबिहानं अम्मांच्या तळहातावर दोन बोटं चालवून दाखवली, म्हणजे खाजा गावाला गेलाय. गाव म्हटलं की धर्माबाद, कापसाच्या कामाला तो तिकडंच जायचा. पंधरा दिवस खाजा त्याच खोलीत, अम्मांपासून चार हातांवर बसून जेवला. अम्मा विचारायच्या, "खाजा धर्माबादसे कब आता?" आणि हा समोर भाकरी मोडत असायचा. तेव्हा आम्हाला त्याचं हसू यायचं.

मग लावलेले केस गळाले, डोकं होतं तसं झालं. अम्मांनी हात फिरवला, बोटं मोडली. सगळं ठीक.

चौथ्या महिन्यात नवे केस उगवले. खाजा दिवसातून दहा वेळा दुकानाबाहेर लावलेल्या आरशात बघायचा. पुढं केस होते, दाट होते, पण वाकडे, राठ आणि पिळलेले. त्याच्याच दुकानातला काथ्या आणून डोक्याला चिकटवल्यासारखे. मागचे केस मुळातच जाड असतात, त्यात नवे उगवताना आधी असेच येतात, असं डॉक्टरनं फोनवर सांगितलं. "वर्ष-दीड वर्ष द्या, मऊ होतील."

त्या सकाळी मी गूळ द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो, म्हणून माझ्या डोळ्यांनी बघितलं. खाजा हौसेनं खाली बसला आणि मान वाकवली. अम्मांनी हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. पुन्हा ठेवला, दोन बोटांत केस धरून चोळले. मग त्यांनी घाईघाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"सबिहा," त्या म्हणाल्या, "कौन मरद बैठा है इधर?"

पोटच्या पोरासमोर आई पदर घेऊन बसली. खाजा तसाच वाकलेला होता. सबिहानं त्याचा हात धरून अम्मांच्या हातात दिला, तर त्यांनी तो झिडकारला. टाके घालून घट्टे पडलेला हात गादीवाल्याचा आहे एवढं त्यांना कळलं असेल, पण त्यांचे दीर, पुतणे, सगळेच गादीवाले. खाजानं कानाला तोंड लावून ओरडायचा प्रयत्न केला. परका पुरुष इतक्या जवळ आला म्हटल्यावर अम्मा आणखी भिंतीकडं सरकल्या. शेवटी तोच उठून बाहेर आला.

तेव्हापासून अम्मांच्या लेखी खाजा धर्माबादला गेलेला आहे. सकाळी विचारतात, जेवताना विचारतात. सबिहा दरवेळी तळहातावर उलटी बोटं चालवते, येतोय म्हणून. तो तिथंच असतो. सुनेच्या पाठीमागून आईच्या ताटात वाढतो, पाय त्यांच्या नकळत पांघरुणावरून दाबतो आणि त्यांनी पाय आखडला की हात काढून घेतो.

आम्ही काही कमी उपाय केले नाहीत. खोबरेल झालं, एरंडेल झालं. लायबानं कुठलंसं क्रीम लावलं. पार्लरमध्ये केस सरळ करून घेऊ का विचारलं तर डॉक्टर म्हणाला, औषधानं मुळं दुखावतील, थांबा. जगातला सगळा गाठाळ कापूस हा माणूस तासाभरात पिंजून मऊ करतो, आणि स्वतःच्या डोक्यावरच्या चार बोटं जागेपुढं हात टेकून बसला होता. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. भिंतीपलीकडं मशीन चालू असलं तरी मी ओरडून बोलणं बंद केलं.

नवव्या महिन्यात मला पुन्हा अक्कल सुचली. म्हणालो, "खाजा, काढून टाक सगळे. टकलाला तर ती वळखत व्हती." सिद्धराम वारकाला घरी बोलावलं. त्यानं वस्तरा फिरवून गोटा गुळगुळीत केला. सिद्धराम जाताना म्हणाला, "आता वळखतील बघा." आम्हालाही तसंच वाटलं.

खाजा बसला. सबिहानं तळहातावर उलटी बोटं चालवली, तेव्हा अम्मांनी पदर सावरून हात पुढं केला. कपाळ, टाळू, मागचा भाग, सगळीकडं हात फिरवला. पुढचं टक्कल आणि मागं केसांची झालर, असं खाजाचं डोकं त्यांच्या हातात बसलेलं होतं. हे पार तुळतुळीत होतं. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी दोन्ही हात जोडल्यासारखे छातीशी घेतले.

"हाजीसाब," त्या म्हणाल्या, "कब आए मक्केसे?"

तिकडून आलेला माणूस डोकं तासून येतो. दाराशी हाजी आलाय म्हटल्यावर अम्मांनी सबिहाला शरबत करायला सांगितलं. मग त्यांनी हाजींपुढं ओंजळ धरली. "मेरा खाजा धर्माबाद गया सो आयाच नहीं. उसके वास्ते दुआ करो."

खाजानं दुआ मागितली. काय करणार? आईच्या समोर बसून, हात पसरून, स्वतःच्या परत येण्याची दुआ त्यानं मागितली आणि ती संपल्यावर दोन्ही हात तोंडावरून फिरवले. सबिहा शरबताचा पेला घेऊन दारातच उभी होती. मी चप्पल न घालता घराबाहेर पडलो. गिरणीत जाऊन अर्धा तास पट्टा लावायचं सोंग करत बसलो.

केस पुन्हा वाढू लागले. मी उपाय सुचवणं सोडलं. पंधराव्या महिन्यात सिद्धराम केस कापत होता, तो मधेच थांबला. त्यानं पुढचे केस बोटांत धरले, सोडले, पुन्हा धरले. "खाजाभाई," तो म्हणाला, "हे मऊ पडलेत."

खाजानं स्वतः हात लावून बघितलं नाही. धाडस झालं नसावं. अंगावरचं कापड तसंच ठेवून तो गिरणीत आला आणि माझ्यापुढं मान वाकवली. "किशनभाऊ, तुमी सांगा." मी पिठाचे हात पुसले आणि त्याच्या डोक्यावरून फिरवले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. केस मऊ होते. पीळ गेला होता, काथ्या गेला होता. "हाव," मी म्हणालो, "झाले."

आम्ही दुकानं उघडी टाकून घरी गेलो. अम्मा बाजेवर बसल्या होत्या. खाजानं त्यांच्या पायाशी बसून मान वाकवली आणि त्यांचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. सबिहा आणि लायबा स्वयंपाक सोडून दारात आल्या.

अम्मांचा हात पुढून मागं गेला. मागून पुढं आला. पुन्हा गेला. मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो. बोटं कानशिलाकडं जायची वाट बघत होतो.

"टोपी निकाल ना बेटा," अम्मा म्हणाल्या. "सर देखती मैं."

खाजाच्या डोक्यावर टोपी नव्हती. त्यानं त्यांचा हात धरून केसांत घातला, पार मुळापर्यंत. त्या कापड चाचपावं तसं चाचपत राहिल्या. "निकाल ना," त्या पुन्हा म्हणाल्या, जरा नाराजीनं. तेव्हा मला त्यांच्या तर्जनीच्या टोकावरचा फोड दिसला. मोठा, पाण्यानं भरलेला.

"काल चहाचा गरम पेला धरून बसल्या व्हत्या," सबिहा हळू आवाजात म्हणाली. "समजलंच न्हाई त्यांना. महिना झाला, माझं कडं बी वळखू येईना. मी बोलले न्हाई. तुमी आस लावून बसला व्हता." तळपाय साखरेनं आधीच बधिर झाले होते. आता बोटांची पाळी आली होती.

खाजानं डोक्याकडं हात नेला. नसलेली टोपी काढली, बाजेवर ठेवली आणि पुन्हा मान वाकवली. अम्मांनी पुन्हा हात फिरवला आणि टोपी अजून असल्यासारखे केस बोटांनी ओढून बघितले.

खाजानं मान वर न करता मला विचारलं, "किशनभाऊ, आता काय काढू?"