माळ्याचं झाकण

आमच्या माजघरातून माळ्यावर जायला दोन फूट रुंद आणि अडीच फूट लांब असं तोंड होतं. खाली शिडी, वर पेंढा आणि सुके नारळ. कौलांच्या सांध्यांतून शिरलेला समुद्राचा वारा त्या तोंडातून खाली उतरे आणि सोबत पेंढ्याचा भुसा आणी. इतकी वर्षं ते कुणाला खुपलं नव्हतं. सन तीसनंतरच्या एका हिवाळ्यात माझ्या पत्नीचं छातीचं दुखणं बळावलं आणि तिचं अंथरूण माजघरात आणलं, तेव्हा खुपलं. तिच्यासाठी तेवढी एकच कोरडी खोली होती. अलिबागच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दुखणं बरं व्हायचं नाही. गारठा आणि धूळ मात्र लागू देऊ नका, म्हणजे खोकला कमी राहील. माझ्या हातात तेवढंच होतं.

मी फणसाच्या फळ्यांचं दुहेरी झाकण केलं. मधल्या तीन इंचांत भाताचा तूस ठासून भरला. झाकण बसवून खालून फटींत काथ्या ठोकला, होडीच्या फटी भरतात तसा, आणि त्यावर शेणमाती लिंपली. मग उघडा दिवा घेऊन शिडीवर चढलो आणि चारही कडांनी ज्योत फिरवली. एका कोपऱ्यात ती वाकली. तिथे पुन्हा काथ्या ठोकला. मग ती सरळ उभी राहिली.

माझी थोरली विधवा बहीण आमच्याकडेच असे. आता नारळ हवा तर कौलं उतरवून आत शिरू का, असं ती मला दोनदा विचारून गेली. पत्नी अंथरुणात हसली आणि हसण्याने खोकली. पण त्यानंतर तिला झोप लागू लागली. एक पांघरूण पुरू लागलं.

माघ संपताना तिचं अन्न सुटलं. श्वास अडकत अडकत येई. आमच्या घराण्यात अशा वेळी माणसाच्या डोक्यावर वाट बंद ठेवत नाहीत. जीव जायला जागा हवी, म्हणून दोन कौलं सरकवतात. आमच्याकडे मध्ये माळा होता, म्हणजे माळ्याचं तोंडच उघडायला हवं होतं. बहिणीने मला पडवीत बोलावून सांगितलं की झाकण काढ, तिचे हाल बघवत नाहीत. मी नाही म्हणालो. वारा थेट तिच्या छातीवर येणार होता, आणि वाट करून देणं म्हणजे तिला जा म्हणण्यासारखं होतं. दुपारपर्यंत आमची धुसफूस चालली. ती पत्नीच्या कानावर गेली असावी.

"काढा की," ती मला म्हणाली. "एवढं खपून केलंत, म्हणून काढवत नाही होय?"

मी काथ्या ओढून काढला आणि झाकण उतरवलं. शेणमातीचे पोपडे पांघरुणावर पडले, ते बहिणीने वेचले. आम्ही दोघं जवळ बसून राहिलो. पण पत्नीचा जीव गेला नाही. संध्याकाळी गारठा उतरला, तिला हुडहुडी भरली आणि उबळीवर उबळ येऊ लागली. झाकण परत लावावं, तर मीच तिची वाट अडवली असं होणार. उघडं ठेवावं, तर ती अशीच कुडकुडणार.

शेवटी मी माझं घोंगडं त्या तोंडाला खालून ताणून खिळ्यांनी ठोकलं. तिच्या पायांकडच्या बाजूला चार बोटं जागा मोकळी सोडली.

"वन्सं, बघितलंत?" ती बहिणीला म्हणाली. "मला मापात वाट दिली."

बहीण तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली. मी पत्नीच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलं. थंडी वाजते का, म्हणून मी तिला अधूनमधून विचारत राहिलो, आणि ती दर वेळी मानेनेच नाही म्हणत राहिली. सकाळी ती गेली. थंडी खरंच वाजत नव्हती, की मला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत होती, हे मला सांगता येत नाही.