दाजींच्या रागाचा गूळ

निजामाच्या राज्यात तोफा होत्या, फौज होती, जकात वसूल करणारे करोडगिरीचे नाके होते. पण धाक म्हणाल तर आमच्या कळंबात तो फक्त दाजींच्या आवाजाचा होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. बाजारात त्यांचं धान्याचं आडत दुकान होतं. त्यांनी दुकानात आवाज चढवला की पलीकडच्या गल्लीतली गाढवं आधी कान टवकारत आणि मग गाव सोडत, असं लोक सांगायचे. मी तेव्हा तहसिलीत उमेदवार कारकून होतो आणि दोन्ही वेळचं जेवण अक्काकडं असायचं, त्यामुळं गाढवांच्या मागोमाग नंबर माझाच. राग यायला दाजींना कारण लागत नसे; ते मागाहून सवडीनं सापडे. एकदा तर ते ज्वारीच्या पोत्यावर ओरडले, कारण पोतं वाकडं बसलं होतं. आणि ओरडून झालं की घटकाभरात हाच माणूस असा मऊ व्हायचा की गिऱ्हाइकाला हाताला धरून गादीवर बसवायला निघायचा. पण गिऱ्हाईक तोवर समोरच्या दुकानात जाऊन बसलेलं असायचं.

गिऱ्हाइकं गेली त्याचं दाजींना फारसं काही वाटलं नाही. थोरला भाऊ दुरावला, ते मात्र लागलं. दाजींचे हे थोरले बंधू, सगळ्यांचे दादा, तेर गावी शेती बघायचे. पोळ्याला वेशीतून पहिला बैल न्यायचा मान त्यांचा. एका पोळ्याला ऐन वेळी तो बैल अडून बसला. वाजंत्री थकली, मागचे बैल एकमेकांच्या झुली खायला लागले, ऊन तर असं की विचारू नका. शेवटी दाजींचा आवाज उठला, "दादा, बैल बी तुमच्यावरच गेलाय. मान पायजे, पण पाऊल उचलायला नको." सगळ्या वेशीनं ते ऐकलं आणि सगळी वेस हसली. घरी आल्यावर दादा उंबऱ्यात उभे राहून एवढंच म्हणाले, "इथनं पुढं ह्या घरात तुला गूळ-पाणी न्हाय." आमच्या भागात उन्हातून दारी आलेल्याला, मग तो पाव्हणा असो की वाट चुकलेला फकीर, आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देतात. ते बंद झालं म्हणजे नातं सोडाच, ओळखसुद्धा उरली नाही.

त्यानंतर दाजींनी स्वतःला सुधारायला घेतलं. एखादा घराला नवं छप्पर घालायला काढतो तसं. आधी राग आला की आकडे मोजायचं ठरलं. मराठीत मोजले तर फार पटकन संपतात, म्हणून ते मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, शिकलेल्या उर्दूत मोजायचे. पण 'सात'च्या पुढं काही गाडी जाईना, आणि तो 'सात'सुद्धा असा बाहेर पडायचा की समोरच्याला शिवी वाटावी. मग लवंग चावून पाहिली. आधीच तिखट जीभ, ती आणखी तिखट झाली. शेवटी गूळ आला. राग आला की गुळाचा खडा तोंडात टाकायचा, चावायचा नाही, आणि पूर्ण विरघळल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. गूळच का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती. कमरेला एक कापडी चंची आली. तिच्यात लहानमोठे खडे असायचे, आणि राग ज्या मापाचा त्या मापाचा खडा निघायचा. दुकानातला हमाल उस्मान दाराशी बसून येणाऱ्या शेतकऱ्यांना आतली खबर द्यायचा, "आज सुपारी है, जाव बिनघोर." गाल जास्तच फुगलेला असला तर, "लिंबू है बाबा, बाजार फिरके आव."

सवय लागली, पण सवयीलाही त्यांचाच स्वभाव लागला. मुंग्या दाजींच्या मागं मागं दुकानापर्यंत यायच्या. संक्रांतीला कुणी हातावर तिळगूळ ठेवला की तो तोंडात पडताच दाजींच्या कपाळावर आठ्या चढायच्या आणि ते गप्प होऊन बसायचे. देणारा बिचारा आपलं काय चुकलं याचा विचार करत घरी जायचा. पुढं तर दुपारच्या जेवणानंतर त्यांना हटकून राग यायला लागला. ते जंगाचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. साखर दिसायची नाही आणि गूळ ओळखीवर मिळायचा. अक्का डबा फडताळात वर सरकवत विचारायची, "खरं सांगा, राग येतोय का गोड खाऊशी वाटतंय?" यावर दाजी खरोखरच रागवायचे आणि डबा पुन्हा खाली यायचा. त्यांचं पाहून मीही स्वतःला सुधारायचं ठरवलं. पहाटे उठल्यावर खायला म्हणून उशाशी खडा ठेवला. पहिल्याच पहाटे जाग आली, खडा खाल्ला, आणि तोंड इतकं गोड झालं की पुन्हा झोप लागली. त्या दिवशी तहसिलीत मी जे ऐकून घेतलं, त्याला ढेपसुद्धा पुरली नसती.

अशात माझ्या भाचीचं लग्न ठरलं. पोळ्याच्या त्या प्रकाराआधी ही पोर दादांच्या खांद्यावरून कधी खाली उतरली नव्हती. ती बापाला म्हणाली नाही, आईला म्हणाली की काका नसतील तर मी मांडवात हसणार न्हाय, सांगून ठेवते. अक्कानं ते जेवताना वाढलं. दाजींनी खडा काढला नाही. दुसऱ्या दिवशी चंची काठोकाठ भरून, अक्षता घेऊन ते तेरला दादांकडं निघाले आणि मला बरोबर घेतलं. "तू तहसिलीतला माणूस. तुझ्याम्होरं दादा हात उगारायचे न्हाईत," म्हणाले. उमेदवार कारकुनाला तहसिलीत शिपाईसुद्धा विचारत नाही, हे दादांना कळू नये अशी प्रार्थना करत मी अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीत बसलो.

दादा ओसरीवर दोर वळत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बोलायला सुरुवात केली. ही बोलण्याची नदी उगमापासून निघाली. दाजींनी लहानपणी कुणाच्या विहिरीत कुणाची चप्पल टाकली तिथपासून ती वाहत वाहत पोळ्यापर्यंत आली, वेशीत वळसा घेतला आणि पुन्हा मागं गेली. दाजींनी आधी सुपारीएवढा खडा टाकला, मग लिंबाएवढा. अंगणातल्या उन्हात दोघंही उभे होतो, पाण्याचं नाव नाही. दादांना ते गप्प राहणं आणखीच झोंबलं. "बोल की. वेशीत तर लई बोलत हुतास. आता काय शेट झालास म्हणून बोलायचं न्हाय व्हय?" दाजींचे कान लाल झाले. हात चंचीत गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी चंची उलटी केली, झटकली. दोन मुंग्या पडल्या. मी वहाणा कुठं काढल्यात ते बघून ठेवलं, कारण तो घसा मला ठाऊक होता आणि तो वर-खाली व्हायला लागला होता. आता आवाज उठणार, लग्न बुडणार, आणि तेरमधली गाढवंही गाव सोडणार.

दाजींनी दोन पावलं पुढं टाकली आणि हात पसरला.

"दादा, गूळ संपला. एक खडा द्या, न्हायतर मी काहीतरी बोलून बसंन."

दादांचा दोर थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ह्ये काय म्हणतंय?"

मी अर्ज वाचावा तसं सगळं सांगितलं. राग, खडा, सुपारी, लिंबू. ऐकून झाल्यावर दादांनी विचारलं, "आन् आत्ता जे खाल्ले ते माझ्यावर?"

"व्हय," मी म्हणालो. "सगळे."

दादांनी त्या पसरलेल्या हाताकडं पाहिलं. मग मान न वळवता आत आवाज दिला, "ऐकलं का, गूळ-पाणी आणा. खडा मोठा आणा. माझं अजून संपलं न्हाय."

वैनी दारामागं ताटली घेऊन उभ्याच होत्या.

लग्नाला दादा बैलगाडीतून आख्खी ढेप घेऊन आले. मांडवात आल्या आल्या आचाऱ्यावर ओरडले, वाजंत्र्यांवर ओरडले, व्याह्यांवर ओरडता ओरडता राहिले. दाजी गाल फुगवून त्यांच्या मागं मागं फिरत होते, आणि त्या दिवशी खडा रागाचा होता की कशाचा, ते उस्मानलाही सांगता आलं नाही. पोरगी मात्र इतकी हसली की नवरीला शोभत नाही म्हणून अक्कानं दटावलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं, तहसिलीवरची पाटी बदलली, आणि सगळं बदलताना कुणाच्या तरी नजरचुकीनं मीही कायम झालो. दाजींचे दात एकेक करून गुळानं नेले. अक्का म्हणायची, राग गेला पण दात घेऊन गेला. खरंतर अलीकडं त्यांना राग येतच नव्हता. चंची तेवढी कमरेला होती, आणि दर आठवड्याला तेरच्या ओसरीवर जाऊन दादांचं सगळं बोलणं ऐकून यायचं, ही दुसरी सवय.

दादा गेले ते उन्हाळ्यात. दिवसकार्य उरकल्यावर मी तेरला गेलो तर दाजी त्याच ओसरीवर बसलेले. खुंटीवर अर्धा वळलेला दोर तसाच होता. गाल फुगलेला, लिंबापेक्षा मोठा. आल्यागेल्यांना वाटलं, जमिनीवरून काही बिनसलंय, आणि ते लांबूनच नमस्कार करून जात होते. मी शेजारी बसलो आणि हळूच विचारलं, "दाजी, राग कुणावर?"

त्यांनी फुगलेल्या गालाकडं बोट केलं. नियम होता. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं, अंगणातून भिंतीवर चढलं. मग ते म्हणाले, "दादावर. आदल्या बाजारी भेटलो तर जगातलं सगळं बोलले. जायचं तेवढं बोलले न्हाईत."

मग त्यांनी चंची सोडून माझ्यापुढं धरली. मी एक खडा घेतला, त्यांनी एक घेतला, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.