अक्का काय म्हणाल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय, कुणास ठाऊक. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या रस्त्यात भेटणार नाही — म्हणूनही असेल.

घरी पडून असलेल्या आजारी माणसांसाठी बाया पाठवायचं काम मी करते. उमरग्यात राहते. लग्नाआधी धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते. तिथं बघायचे — लकवा मारलेलं माणूस बरं होऊन घरी जायचं आणि पाठीला जखमा घेऊन परत यायचं. घरातल्यांचं प्रेम नव्हतं असं नाही. पण कूस कशी बदलायची, घास कुठल्या गालात द्यायचा, हे त्यांना कोण सांगणार? तेव्हा वाटलं, हे काम आपण करावं. मनापासून वाटलं होतं. हे सांगते ते माझी बाजू मांडायला नाही — सुरुवात कुठून झाली ते कळावं म्हणून.

माझ्याकडं आलेली पहिली बाई सुनंदा. दवाखान्यात आया होती, येडशीकडच्या एका खेड्यातली. नवरा दुसरीकडं राहायला गेलेला, मुलगी आजीजवळ. बोलायला लई मोठ्यानं. टीव्हीवरच्या मालिकेत कुणी सासू वाईट वागली की पेशंटला सोडून टीव्हीलाच शिव्या द्यायची. मी रागवायचे, ती हसायची. आणि पेशंटही हसायचा.

मुरुमच्या दिलीपरावांचा फोन आला तेव्हा मला फार आनंद झाला. मोठं घर, मोठी शेती, खताचं दुकान, तालुक्यात शब्दाला वजन. त्यांच्या आईला, म्हणजे अक्कांना, अर्धांगाचा झटका आलेला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. रात्रंदिवस राहणारी बाई पाहिजे होती. सगळं ठरलं आणि फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "ताई, बाई आपल्यातलीच हाय ना? आईच्या खोलीला लागूनच देवघर हाय, म्हणून विचारतो."

आपल्यातली. माझं आडनाव त्यांना चालणारं होतं. सुनंदाचं चालणारं नव्हतं — तिच्या आजोबांनी बाबासाहेबांबरोबर धम्म घेतलेला.

मी म्हणाले, "हो हो, आपल्यातलीच."

किती सोपं असतं ना ते? एक श्वासही जास्त लागला नाही.

मग सुनंदाला सांगावं लागलं. नाव सुनंदाच ठेव, आडनाव फक्त माझ्या माहेरचं सांग. ती म्हणाली, "ताई, काय बोललालाव तुमी? माझ्या बापाचं नाव हाय ते. चोरी केल्यासारखं कामून लपवू?" मी म्हणाले, थोडे दिवस. एकदा तुझं काम बघितलं की कोण विचारतंय? तिला मुलीला तालुक्याच्या शाळेत घालायचं होतं, हे मला माहीत होतं. आणि ते माहीत होतं म्हणूनच मी आग्रह धरला. शेवटी ती म्हणाली, "तुमी म्हणताव म्हणून जाते. पण उद्या काय झालं तर तुमी बोलायचं. म्या न्हाय."

"मी बोलेन की," असं मी म्हणाले.

अक्कांना सुनंदा लागू पडली. दुसरा शब्द सुचत नाही. दवाखान्यातून आल्या तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून पडायच्या. सुनंदानं त्यांना उठवून खिडकीशी बसवलं, वेणी घातली, मालिका बघायला लावली. मी आठवड्याला जायचे, जिभेचे व्यायाम घ्यायचे. काही महिन्यांत अक्का बोलायला लागल्या — पहिली अक्षरं गळायची, शेवटची तेवढी ऐकू यायची. 'पाणी'चं 'आणी', 'सुनंदा'चं 'अंदा'. त्यांचं बोलणं दोघींनाच नीट कळायचं, सुनंदाला आणि मला. घरातले मलाच विचारायचे, "ताई, आई काय म्हणतीया?" आणि मी सांगेन ते खरं मानायचे.

हे लक्षात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाही.

मग धंदाच बदलला. पुण्याची एक कंपनी आमच्या भागात आली. ॲपवरून बुकिंग, बायांना निळा कोट, घरच्यांच्या मोबाईलवर सगळी माहिती. त्यांचा माणूस मला म्हणाला, मॅडम, एकट्यानं किती दिवस फोनवर फोन करणार? आमच्यासोबत या, नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघू. मी गेले. वाईट नव्हतं ते, बायांना प्रशिक्षण मिळालं, सुट्ट्या मिळाल्या. फक्त प्रत्येकीचं आधारवरचं नाव फोटोसकट घरच्यांच्या मोबाईलवर जाणार होतं.

हे मला आधी कळलेलं होतं. महिनाभर आधी. मी मुरुमला जाऊन दिलीपरावांना स्वतः सांगू शकत होते. सुनंदाला तरी सावध करू शकत होते. काहीच केलं नाही. वाटलं — कोण उघडून बघतंय?

दिलीपरावांच्या बायकोनं, वैशालीनं, बघितलं.

मला बोलावून घेतलं. सोप्यात सगळे बसलेले होते. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दिलीपराव शांतपणे म्हणाले, "आमचं जातीबितीचं काही न्हाय, ताई. पण तिनं खोटं नाव सांगितलं. खोटं बोलणारं माणूस आईजवळ कसं ठेवायचं?" बघा, मीच त्यांना किती स्वच्छ कारण दिलं होतं. मनातलं बोलायची त्यांना गरजच उरली नाही.

सुनंदा अक्कांच्या खोलीच्या दारात उभी होती. हातात पेजेची वाटी.

"तुम्हाला माहीत होतं का?" त्यांनी मला विचारलं.

सुनंदा माझ्याकडं बघत होती. तिला वाटत होतं, आता मी बोलणार.

मी म्हणाले, "नाही. मलाही आत्ताच कळतंय. तिनं मलाही फसवलं."

तिनं वाटी तिथंच उंबऱ्यावर ठेवली आणि मागच्या खोलीत पिशवी भरायला गेली. तिनं खरं का सांगितलं नाही? माझ्याकडं तिच्याच समाजाच्या आणखी बाया कामाला होत्या. त्यांच्यासाठी गप्प बसली असेल. की माझी कीव आली? मी विचारलेलं नाही.

इथपर्यंत सुनंदाला माहीत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही.

तिची पावलं मागं गेली तशा खोलीतून अक्का ओरडायला लागल्या. आम्ही सगळे आत गेलो. त्या डाव्या हातानं पलंगाची कड धरून उठू बघत होत्या, तोंड लाल झालेलं. एकच गोष्ट परत परत म्हणत होत्या — "आऊ दे… आऊ दे तिला…"

दिलीपराव खाली वाकले. "काय म्हणतीया आई? ताई, काय म्हणतीया?"

राहू दे. त्या राहू दे म्हणत होत्या. मला शंका नव्हती. मध्येच तोच डावा हात छातीवर आपटून 'आझी' म्हणत होत्या — 'माझी', हे मला कळत होतं. आणि मला हेही दिसत होतं, की दिलीपराव आईचा शब्द मोडणारे नव्हते. अक्कांनी ठेव म्हटलं असतं तर सुनंदा राहिली असती. पण मग ती त्याच घरात राहिली असती — आज ना उद्या खरं सांगणारी. आणि त्या घरातून उमरग्यापर्यंत बातमी यायला किती वेळ लागतो?

मी म्हणाले, "'जाऊ दे' म्हणतायत. जाऊ दे तिला."

अक्का गप्प झाल्या. जीभ जड होती, कान शाबूत होते. माझ्याकडं बघितलं त्यांनी. मग हळूहळू मान वळवली, भिंतीकडं.

पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. दुसरी बाई पाठवली, तिसरी पाठवली, दोघी चांगल्या होत्या. अक्का कुणाच्याही हातचा घास गिळेनात. माझ्याशी तर एक अक्षरही बोलल्या नाहीत. पाठीला जखम झाली, सोलापूरला नेलं, परत आणलं. उन्हाळ्यात गेल्या. दिलीपरावांनी सगळ्यांसमोर हात जोडून माझे आभार मानले आणि मी ते घेतले.

कंपनीनं सुनंदाला काढण्याचं कारण विचारलं होतं. मी फसवणूक सांगितलं. पूर्वी एका घराशी भांडण झालं तर दुसऱ्या गावात काम मिळायचं. आता ॲपवर एका ठिकाणी नावावर काट मारली की सगळीकडं दारं बंद. मला मात्र बढती मिळाली. नव्या बायांना मीच शिकवते — पेशंटचं बोलणं नीट ऐका म्हणून.

गेल्या वर्षी तुळजापूरला गेले होते. देवीचं दर्शन झालं, चप्पल शोधत गल्लीतून येत होते. एका लॉजच्या मागं सुनंदा चादरी पिळत होती. मी पुढं निघून गेले असते, पण तिनंच हाक मारली. बारीक झाली होती. आवाज तेवढाच मोठा. मुलगी दहावीला आहे म्हणाली. माझ्या खोटेपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. मग हात पुसत म्हणाली,

"अक्का गेल्या म्हणं."

"हो."

"ताई, एक इचारू? त्या दिवशी म्या पिशवी भरत व्हते. अक्काचा आवाज आला, नीट कळालं न्हाय. नंतर वैशालीवहिनी म्हणल्या, अक्काच जाऊ दे म्हणल्या." ती थांबली. "बाकीच्यांचं सोडा. म्या अक्काला पहिल्याच महिन्यात माझं खरं नाव सांगितलं व्हतं. त्यांनी माझा हात धरला व्हता. मग त्या असं कामून म्हणल्या? लई दिवस डोक्यात हाय ते. खरंच जाऊ दे म्हणल्या का?"

गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. दिलीपराव नव्हते, कंपनी नव्हती. माझं काही जाणार नव्हतं.

मी म्हणाले, "हो. जाऊ दे म्हणाल्या."

सुनंदानं मान हलवली. चादरींची बादली उचलली आणि जिना चढून वर गेली.