दाजींनी सांगितलेली वेळ

आमच्या दाजींइतका वेळेला ओळखून असलेला माणूस अख्ख्या भोकरदन तालुक्यात नाही, आणि त्यांना ‘किती वाजले?’ विचारण्याइतकी मोठी चूकही दुसरी नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम नांदतात. एक बंद करून दुसरी उघडली की घड्याळ साडेपाच तास मागे जातं आणि सकाळचा चहा घेणारा माणूस एकदम पहाटेत जाऊन बसतो. “दाजी, हे बिघडलं,” असं मी एकदा म्हणालो. झालं! “काही बिघडलं न्हाई. मशीन बंद असली तरी आतलं घड्याळ सेलवर बराबर चालून राह्यलं. पण तिथं नुस्ता आकडा असतो, तो कुठल्या गावचा ते लिहेल नसतं. एक सिस्टिम त्याला जगाचा टाइम समजती, दुसरी भोकरदनचा. मंग घड्याळाचा काय गुन्हा?”

हे ज्ञान त्यांनी सोयऱ्यांवर वापरलं, आणि तिथे मी त्यांना हात जोडले. कोण किती उशिरा येतो हे त्यांना तोंडपाठ. जेवण एकला असलं की पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या आत्याला ते अकरा सांगत, केदारखेड्याच्या मामांना बारा, आणि सगळी पंगत एकाच वेळी बसे. मी थक्क होऊन बघत राही. “माणूस दुरुस्त करायचा न्हाई,” ते म्हणत, “त्याचा फरक धरून चालायचं.”

आमचे वडील गेले तेव्हा सगळ्यांना फोन दाजींनीच केले. त्या दिवशी फरकबिरक धरायचं त्यांना सुचलंच नाही. माती चारला, म्हणून आत्यालाही चारच सांगितलं. पण एव्हाना आत्या हुशार झाली होती. दाजींचे चार म्हणजे खरे सहा, असा तिने आपला हिशोब केला. चार वाजून गेले, आत्या नाही, फोन लागेना. दिवस बुडायच्या आत उरकायला हवं म्हणून मंडळींची चुळबुळ सुरू झाली. एकुलत्या भावाचं तोंड पाहायचं तिचं राहणार होतं. तेव्हा एरवी पाच मिनिटांचाही उशीर होऊ न देणारे आमचे दाजी तिरडीपुढे आडवे उभे राहिले. “आत्याबाई आल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई. चूक माझी हाय.” कुणीतरी मनगट पुढे केलं. त्यांनी त्या घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत्या आली. भावाच्या तोंडावरून हात फिरवून झाल्यावर म्हणाली, “तुम्ही खरी वेळ सांगताल असं वाटलंच न्हाई, जावईबापू.” दाजी लहान मुलासारखे रडले.

आता घरात काही असलं की दाजी आत्याला फोन करत नाहीत. सकाळीच गाडी काढून पिंपळगावला जातात आणि तिचं आवरेपर्यंत ओसरीवर बसून राहतात.